सांडशीत सापडलेलं सैन्य: हॅनिबलची एक दुपार सेनापतींच्या डोक्यातून अजून का जात नाही?

युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून टीव्हीवर एक नकाशा सारखा दिसतो. मध्ये एखादं गाव, कधी बाखमुत, कधी अवदीव्का, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी वळत येणारे दोन लाल बाण. बाणांची टोकं गावाच्या पाठीमागे एकमेकांना भेटायला निघालेली. निवेदक 'पिन्सर मूव्हमेंट' म्हणतो आणि पुढच्या बातमीकडे जातो. एकदा असंच चालू असताना आईने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "दोघंही बाजूनेच चाललेत, मग समोरून लढतंय कोण?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. खरं तर या चालीची सगळी मेख त्या समोरच्या, नकाशावर न दाखवलेल्या माणसांत असते. त्यांची गोष्ट सांगायची तर २२०० वर्षं मागे, दक्षिण इटलीतल्या एका सपाट शेतात जावं लागतं.

त्याआधी दोन शब्द. पिन्सर म्हणजे सांडशी. गरम पातेलं उचलताना सांडशीची दोन तोंडं दोन बाजूंनी येतात आणि काठ मध्ये सापडतो, तसं शत्रूला दोन्हीकडून पकडण्याला 'दुहेरी वेढा' म्हणू. आणि सैन्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आपल्याकडे 'बगल' म्हणतात. एवढी परिभाषा पुरे.

## हा हॅनिबल कोण?

कार्थेज हे आजच्या ट्युनिसजवळचं श्रीमंत व्यापारी शहर. रोमशी पहिलं युद्ध ते इ.स.पू. २४१ मध्ये हरलं आणि सिसिली बेट गमावून बसलं. हॅनिबल त्याच युद्धातल्या एका सेनापतीचा मुलगा. इ.स.पू. २१८ मध्ये तो स्पेनहून निघाला आणि आल्प्स ओलांडून थेट इटलीत उतरला. उतरला तेव्हा त्याच्याकडे २० हजार पायदळ आणि ६ हजार घोडदळ उरलं होतं. हा आकडा त्यानेच दक्षिण इटलीत कोरून ठेवला होता आणि पॉलिबिअस या ग्रीक इतिहासकाराने तो तिथून उतरवून घेतला.

शाळेच्या पुस्तकातून आपल्या लक्षात राहिलेत ते हत्ती. ते जवळजवळ सगळे पहिल्याच हिवाळ्यात मेले. ज्या लढाईमुळे हॅनिबलचं नाव लष्करी शाळांमध्ये टिकलं, त्या कॅनीच्या लढाईत एकही हत्ती नव्हता.

## त्या दुपारी नेमकं झालं काय?

२ ऑगस्ट, इ.स.पू. २१६. दक्षिण इटलीतल्या कॅनीजवळ, ऑफांतो नदीच्या काठी रोमचं सुमारे ८० हजारांचं पायदळ उभं होतं. रोमने एवढी मोठी फौज पूर्वी कधी मैदानात आणली नव्हती. पॉलस आणि व्हॅरो हे दोन कॉन्सल, म्हणजे त्या वर्षीचे निवडून आलेले सर्वोच्च अधिकारी, एक दिवसाआड हुकूम चालवत. त्या दिवशी पाळी व्हॅरोची होती. हॅनिबलकडे पायदळ निम्मं, ४० हजार. घोडदळ मात्र जास्त: रोमच्या ६ हजारांपुढे १० हजार.

व्हॅरोला इतिहासाने मूर्ख ठरवलंय. मला ते पटत नाही. दोन वर्षांपूर्वी ट्रेबियाच्या लढाईत रोमन पायदळाने हॅनिबलची मधली फळी फोडली होती आणि १० हजार माणसं पलीकडे सुखरूप निघून गेली होती. मग व्हॅरोने विचार केला, की रांगा एकामागे एक दाट लावायच्या आणि वजनानेच मधला भाग चिरडायचा. हिशेब चुकीचा नव्हता. हॅनिबलनेही तोच हिशेब केला होता, एवढंच.

त्याने आपल्या सगळ्यात कमी भरवशाच्या लोकांना, गॉल (आजच्या फ्रान्स आणि उत्तर इटलीतल्या टोळ्यांचे लोक) आणि स्पॅनिश पायदळाला, मध्ये उभं केलं. तेही सरळ रेषेत नाही, तर चंद्रकोरीसारखं, पोट शत्रूकडे काढून. दोन्ही टोकांना मागे आपले कसलेले आफ्रिकी सैनिक. त्यांच्या अंगावर आधीच्या लढायांत लुटलेली रोमन चिलखतं होती. आणि स्वतः हॅनिबल धाकट्या भावासह त्या कच्च्या मधल्या फळीत जाऊन उभा राहिला.

इथे कबड्डी आठवा. चढाई करणारा आत येतो तेव्हा मधले खेळाडू हळूहळू मागे सरकतात. त्याला वाटतं, आपण यांना रेटतोय. एक पाऊल, आणखी एक पाऊल. त्याचं सगळं लक्ष समोरच्या छात्यांवर, आणि दोन्ही कोपरे तोवर त्याच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये आलेले असतात. मग एकाने घोटा धरायचा, की सगळे तुटून पडतात. मधले खेळाडू नुसते पळाले असते तर पकड झाली नसती. अडून राहिले असते तर तो आत आलाच नसता. मागे सरकणं आणि मोडणं यांत एका पावलाचं अंतर असतं, आणि ते पाऊल सांभाळणं हेच खरं कसब.

कॅनीत तेच झालं. चंद्रकोर आधी सपाट झाली, मग आत वळली. रोमन सैनिक जिंकल्याच्या आवेशात त्या खोबणीत घुसत गेले. पुरेसे आत आल्यावर दोन्ही बाजूंच्या आफ्रिकी सैनिकांनी फक्त तोंडं आत वळवली आणि ते रोमनांच्या बगलेवर पडले.

राहिली पाठ. हॅनिबलच्या डावीकडच्या घोडदळाने नदीकाठची रोमन स्वारांची फळी उधळली होती. अशा वेळी घोडेस्वार काय करतात? पळणाऱ्याच्या मागे लागतात आणि लुटीला जातात. कैक लढाया अशाच हातच्या गेल्यात. या स्वारांनी ते केलं नाही. ते वळले, रोमनांच्या मागून दुसऱ्या टोकाला गेले, तिथल्या घोडदळाची दाणादाण उडवली, त्यांचा पाठलाग आपल्याच बाजूच्या नुमिडियन (उत्तर आफ्रिकेतल्या) स्वारांवर सोपवला आणि परत येऊन रोमन पायदळाच्या पाठीवर कोसळले. सांडशी मिटली.

आईच्या प्रश्नाचं उत्तर हे: समोरून लढत होते ते गॉल. हॅनिबलच्या बाजूचे सर्वांत जास्त मेले तेही तेच.

## पण दुप्पट सैन्य असून रोमन करत काय होते?

संध्याकाळी सहाची विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. डब्यात शेकडो माणसं आहेत म्हणून डब्याची ताकद शेकडो माणसांची होत नाही. मधल्या माणसाला खिशातला मोबाइल काढायला हात वर करता येत नाही. दाराशी जे उभे आहेत त्यांच्यापुरतंच काय ते चालतं.

वेढ्यात सापडलेल्या सैन्याचं असंच होतं. लढू शकतो तो फक्त बाहेरचा थर. आतल्या हजारोंच्या हातात तलवार आहे, पण ती फिरवायला जागा नाही, समोर काय चाललंय ते दिसत नाही आणि सगळीकडून आत ढकललं जातंय. बाहेरचा थर पडला की पुढचा. ८० हजारांचं सैन्य कोणत्याही क्षणी काही हजारांचंच असतं.

रोमन इतिहासकार लिव्हीने दुसऱ्या दिवशीचं मैदान वर्णन केलंय. काही सैनिक जमिनीत खड्डे करून त्यांत डोकं खुपसलेल्या अवस्थेत सापडले. त्यांनी स्वतःच माती ओढून घेऊन श्वास कोंडून घेतला होता. मेलेल्यांचा आकडा लिव्ही सुमारे ४८ हजार देतो, पॉलिबिअस ७० हजार. लहान आकडाच धरला तरी ते वानखेडे स्टेडियम दीड वेळा भरेल एवढे लोक झाले, आणि तेही हातघाईच्या लढाईत, एका दिवसात.

## मग जर्मनीला याचं वेड का लागलं?

कॅनी विसरली कधीच गेली नव्हती, पण तिला नमुना म्हणून डोक्यावर घेतलं ते आल्फ्रेड फॉन श्लीफेन या जर्मन सेनानीने. १८९१ ते १९०६ हा माणूस जर्मन लष्कराच्या मुख्यालयाचा प्रमुख होता. त्याची अडचण साधी होती: पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला रशिया, दोघांशी एकदम लढावं लागणार आणि लांबलेलं युद्ध जर्मनीला झेपणार नाही. ज्याला वेळ परवडत नाही त्याला एका फटक्यात निकाल लावणारी लढाई हवीहवीशी वाटते. श्लीफेनला ती कॅनीत दिसली. निवृत्तीनंतर त्याने त्यावर लेखमालाच लिहिली. पूर्ण कॅनी घडायला एका बाजूला हॅनिबल आणि दुसऱ्या बाजूला व्हॅरो लागतो, असंही तो लिहून गेला. चेल्यांनी बहुधा पहिला अर्धा भागच वाचला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये टॅनेनबर्गला जर्मनांनी रशियाच्या एका अख्ख्या सैन्याला असंच घेरलं. ९० हजारांच्या वर कैदी झाले. कॅनीची अशी हुबेहूब आवृत्ती क्वचितच निघाली असेल. पण त्याच सुमारास बेल्जियममधून फ्रान्सला एकाच मोठ्या हाताने कवेत घ्यायचा डाव सप्टेंबरमध्ये मार्न नदीवर फसला आणि पुढची चार वर्षं दोन्ही बाजू खंदकांत बसल्या.

दुसऱ्या महायुद्धात तर आकडे वेडेच आहेत. १९४१ मध्ये कीवभोवती जर्मन रणगाड्यांची सांडशी मिटली तेव्हा ६ लाखांहून जास्त कैदी पकडल्याचा दावा त्यांनी केला. कॅनीच्या कितीतरी पट! आणि पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९४२ ला, सोव्हिएत सैन्याने स्टालिनग्राडला तीच सांडशी जर्मनांवर वापरली. रोमानियाच्या कमकुवत तुकड्या सांभाळत असलेल्या बगला फोडल्या, चार दिवसांत पाठीमागे हात मिळवले आणि आतलं जर्मन सैन्य फेब्रुवारीपर्यंत उपासमारीने खलास झालं.

## तलवारी गेल्या, ड्रोन आले. आता हे कशाला शिकवतात?

आक्षेप रास्त आहे. पण १९९१ चं आखाती युद्ध बघा. अमेरिकेचे सेनापती नॉर्मन श्वार्झकॉफ हॅनिबलचे अभ्यासक होते आणि ते तसं सांगतही. कुवेतच्या समुद्रात त्यांनी आरमार दाखवत ठेवलं, त्यामुळे इराकी सैन्य किनाऱ्याकडे तोंड करून बसलं. समोरून सीमेवर दाब ठेवला. आणि मुख्य ताकद गुपचूप पश्चिमेच्या वाळवंटात नेऊन बगलेवरून फिरवली. जमिनीवरचं युद्ध १०० तासांत आटोपलं. शस्त्रं कितीही बदलोत, सैन्याचं तोंड एका दिशेला असतं आणि रसद दुसऱ्या दिशेने येते, हे बदललेलं नाही. सैन्याचा जीव त्या पाठीमागच्या रस्त्यात असतो.

ड्रोनमुळे आता सगळं दिसतं, त्यामुळे असा डाव टाकताच येणार नाही, असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात. कॅनीचं मैदान सपाट होतं आणि ऊन लख्ख होतं. झाडीत दडवलेली फौज नव्हती. हॅनिबलची मांडणी रोमनांच्या डोळ्यांसमोर होती. फक्त समोरची फळी मागे का सरकतेय, याचा अर्थ त्यांनी चुकीचा लावला.

बदल झालाय तो वेगळ्या ठिकाणी. पूर्वी सांडशीची दोन तोंडं एकमेकांना प्रत्यक्ष टेकावी लागत. आता शहरात जाणारा शेवटचा रस्ता ड्रोनच्या आणि तोफांच्या टप्प्यात आला, की टेकण्याची गरज उरत नाही. बाण नकाशावर अर्धवट दिसतात, पण आतल्या माणसासाठी दार लागलेलं असतं. उलट, हल्ला करणाऱ्यालाही मोठं सैन्य एका जागी गोळा करणं तितकंच अवघड झालंय, म्हणून या सांडशा महिनोन् महिने अर्ध्यावर अडकून राहतात.

## इतकं सगळं खरं, तर हॅनिबल हरला कसा?

इथे मला खरं बोलायचंय. लष्करी शाळांनी हॅनिबलची एक दुपार उचलली आणि त्याची उरलेली वर्षं तशीच ठेवून दिली.

कॅनीनंतर त्याच्या घोडदळाचा सरदार महर्बल म्हणाला, ताबडतोब रोमवर चला. हॅनिबल तयार होईना. तेव्हा, लिव्हीच्या सांगण्यानुसार, महर्बल म्हणाला की तुला जिंकता येतं, पण विजयाचं करायचं काय ते येत नाही. हे वाक्य खरंच उच्चारलं गेलं का, देव जाणे. कार्थेजच्या बाजूचा कोणाचाही वृत्तांत आज शिल्लक नाही. पॉलिबिअस काही दशकांनी लिहीत होता, लिव्ही दोनशे वर्षांनी, आणि दोघेही रोमच्या अंगणात बसून. मलाही वाटतं हॅनिबलचं बरोबर असावं. तटबंदीच्या शहराला वेढा घालायची सामग्री त्याच्याकडे नव्हती.

त्याची अटकळ वेगळी होती. एवढा मार खाल्ल्यावर रोम तहाला येईल आणि इटलीतले रोमचे मित्र फुटतील. कोणीही शहाणं राज्य त्या काळी हेच करत असे. कापुआसारखी काही शहरं फुटलीही. पण बहुतेक लॅटिन शहरं हलली नाहीत. रोमने हॅनिबलचा वकील गावात येऊ दिला नाही. कैद्यांची खंडणी भरायला नकार दिला. शोक तीस दिवसांत आवरा असं फर्मान काढलं. ८ हजार गुलाम सरकारी पैशाने विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रं दिली. पॉलिबिअसच्या हिशेबाने रोम आणि मित्रांकडे शस्त्र धरू शकणारी ७ लाखांच्या वर माणसं होती. कॅनीत बुडाले ते त्यातले फार तर दहा टक्के.

इ.स.पू. २११ मध्ये हॅनिबल अखेर रोमच्या वेशीपर्यंत आला. त्याच दिवसांत, तो ज्या जमिनीवर तळ देऊन होता ती जमीन शहरात विकली गेली, आणि लिव्ही म्हणतो की भाव जराही पडला नव्हता.

आता वरची उदाहरणं पुन्हा तपासा. टॅनेनबर्ग जिंकणारी जर्मनी युद्ध हरली. कीव जिंकणारी जर्मनीही हरली. १९९१ मध्ये १०० तासांत जिंकलेली अमेरिका १२ वर्षांनी त्याच सद्दामशी लढायला परत गेली.

## मग यावर उतारा कोणाकडे होता?

एका म्हाताऱ्या, कंटाळवाण्या माणसाकडे. फेबिअस मॅक्सिमस. कॅनीच्या आदल्या वर्षी रोमने त्याला सर्वाधिकारी नेमलं होतं. त्याने लढाईच द्यायची नाही असं ठरवलं. हॅनिबल जाईल तिथे डोंगराडोंगराने मागे राहायचं, चारा-धान्याला गेलेल्या टोळ्या कापायच्या, मैदानात उतरायचं नाही. रोमनांनी त्याला 'चेंगट' म्हणून हिणवलं. कॅनीनंतर मात्र रोम गुपचूप त्याच्याच वाटेला आला. लढाई टाळून शत्रूला झिजवण्याला आजही युरोपात फेबिअसचं नाव लावतात. नेपोलियनपुढे मॉस्को सोडून देणारा कुतुझोव्ह त्याच वाटेचा. गनिमी काव्यावर पोसलेल्या आपल्या लोकांना ही रीत कोणी शिकवायला नको.

त्याच फेबिअसने एकदा हॅनिबलला डोंगराने वेढलेल्या खोऱ्यात कोंडलं होतं. हॅनिबलने रात्री सुमारे २ हजार बैलांच्या शिंगांना मशाली बांधून त्यांना डोंगरावर हाकललं. खिंडीवरचे रोमन पहारेकरी त्या उजेडामागे धावले आणि हॅनिबल मोकळ्या खिंडीतून निसटला. ओळखीचं वाटलं? लाल महालावरच्या छाप्यानंतर शिवाजी महाराजांनी मुघलांना कात्रजच्या घाटात असंच चकवलं, ही गोष्ट पुण्यात प्रत्येक पोराला ठाऊक असते. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा आपला वाक्प्रचार त्यातलाच. एकाने दुसऱ्याचं वाचलं असं समजायचं कारण नाही. अडचण सारखी, बैल सारखे.

## वेढा म्हणजे कत्तलच का?

नाही, आणि याचं उदाहरण आपल्याच मातीत आहे. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला सारखं पळवत त्याच्या जड तोफा मागे पडायला लावल्या आणि वैजापूरजवळ पालखेडला त्याला असा गाठला, की दाणापाणी बंद झालं. कॅनीसारखं मैदान माजवलं नाही. काही दिवसांत निजाम तहाला आला, मुंगी-शेवगावला करार झाला आणि दख्खनच्या चौथाई-सरदेशमुखीचा शाहू महाराजांचा हक्क त्याला मान्य करावा लागला. कोंडी करतानाच तिच्यातून काय मागायचं हे ठरलेलं होतं. हॅनिबललाही तहच हवा होता. त्याचं नशीब असं, की समोर निजाम नव्हता, रोमचं सिनेट होतं.

## कॅनीतून वाचलेल्यांचं काय झालं?

पॉलस मैदानातच पडला. व्हॅरो पळून वाचला. तो रोमला परतला तेव्हा लोक झुंडीने वेशीवर गेले आणि त्याचे आभार मानले, की त्याने राज्याची आशा सोडली नाही. लिव्ही पुढे जोडतो, की कार्थेजचा सेनापती असता तर त्याला कोणतीही शिक्षा चुकली नसती.

साध्या शिपायांच्या वाट्याला मात्र वेगळा न्याय आला. वेढ्यातून निसटलेल्या हजारोंना सिनेटने सिसिलीत धाडलं आणि शत्रू इटलीत आहे तोवर मायदेशी परतायचं नाही, अशी शिक्षा ठोठावली. दहा-बारा वर्षं ते तिथे पडून होते. मग सिपिओ नावाचा तरुण सेनापती आफ्रिकेवर चालून जायला निघाला आणि कोणाला नको असलेली ही माणसं त्याने बरोबर घेतली. इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या मैदानात, हॅनिबलच्या समोर, ती उभी राहिली. केस पिकू लागले होते. मग नुमिडियन घोडदळ, आता रोमच्या बाजूचं, पाठलागावरून वळून आलं आणि पायदळाच्या पाठीवर कोसळलं. या वेळी ती पाठ हॅनिबलच्या सैन्याची होती.